नोंदवहीत नसलेले पत्ते

सुरतेत जमिनीचा व्यवहार करायचा तर नुसता प्लॉट नंबर सांगून भागत नाही. आधी टी.पी. स्कीमचा नंबर सांगावा लागतो, मग एफ.पी.चा, म्हणजे फायनल प्लॉटचा. प्रत्येक नगररचना योजनेत प्लॉटची मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे पंचवीस नंबरचा प्लॉट शहरात एकच असेल असं नाही. जितक्या योजना तितके पंचवीस नंबर निघू शकतात. मुंबई इलाख्याच्या १९१५च्या नगररचना कायद्यापासून ही पद्धत चालत आली आहे, आणि सुरत १ मे १९६०पर्यंत मुंबई राज्यातच असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकालाही फायनल प्लॉट हा शब्द नवा नाही. तोच आकडा दहा ठिकाणी वापरायला या पद्धतीत काहीच हरकत नाही. अट एवढीच, की कोणता आकडा कोणत्या योजनेतला हे सांगणारी नोंद दफ्तरी असली पाहिजे आणि दस्तावर ती उतरली पाहिजे. याच शहरातल्या पेढ्यांच्या आणि कारखान्यांच्या संगणकांना जे पत्ते दिलेले असतात, त्यांच्या बाबतीत मात्र या पद्धतीचा पहिला अर्धा भाग घेतला गेला आणि दुसरा सोडून दिला. आकडे सगळीकडे तेच, आणि योजनेचा नंबर कुठेच नाही. घरून काम करणारा अकाउंटंट ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारं व्हीपीएन लावतो, ऑफिसात कुठल्या तरी पडद्यावर आयपी कॉन्फ्लिक्टची, म्हणजे पत्त्यांच्या टकरीची, सूचना झळकते, किंवा त्याचा लॅपटॉप ‘कनेक्टेड’ दाखवूनही टॅली उघडत नाही, आणि सगळा दोष व्हीपीएनच्या माथी मारला जातो. माझं म्हणणं असं, की व्हीपीएन इथे केवळ निमित्त आहे. दोष एका तीस वर्षं जुन्या सवयीचा आहे. ती सवय कशी लागली हे पाहिलं, तर ती मोडायची कुठून हेही कळतं.

इंटरनेटची आजही चालू असलेली जुनी पत्तापद्धत सप्टेंबर १९८१मध्ये ठरली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि मूळ कल्पनेत प्रत्येक पत्ता जगात एकदाच वापरायचा होता. नोंद ठेवणारी यंत्रणा होती; पत्ता हवा असेल त्याने अर्ज करायचा, मंजूर झालेले आकडे आपल्या यंत्रांना द्यायचे. पण ज्या कंपन्यांना इंटरनेटशी जोडून घ्यायचंच नव्हतं, त्यांना अर्जाची गरज वाटत नसे. त्यांनी हाताला लागतील ते आकडे टाकले. सन कंपनीच्या वर्कस्टेशनच्या पुस्तिकेत उदाहरणादाखल छापलेला १९२.९.२०० हा आकडा कित्येक ठिकाणी जसाच्या तसा उतरवला गेला, ही त्या काळातली प्रसिद्ध गोष्ट आहे. पुस्तिकेतलं उदाहरण हाच पत्ता मानायचा, ही प्रवृत्ती म्हणजे घरोघरच्या राउटरच्या आधीची आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. तिचा पुरावा फार उशिरापर्यंत मिळत राहिला. जानेवारी २०१०मध्ये आशिया-प्रशांत विभागाची पत्तासंस्था असलेल्या ॲपनिकला १ या आकड्याने सुरू होणारे पत्ते वाटपासाठी मिळाले, तेव्हा चाचणीसाठी १.१.१ हा भाग जगाला जाहीर करताच त्यावर नको असलेल्या वाहतुकीचा लोंढा येऊन आदळला. कोणी तरी, कुठे तरी, हा आकडा कोणाचाच नाही असं गृहीत धरून आपल्या उपकरणात टाकून ठेवला होता.

१९९४पर्यंत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. पत्ते संपणार होते, आणि लोक मनाचे आकडे वापरणं थांबवणार नव्हते. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांतून ठरतात, त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांतलं १५९७ क्रमांकाचं टिपण मार्च १९९४मध्ये आलं. त्याच्या चार लेखकांत याकोव्ह रेख्टर आणि डॅनिएल कारेनबर्ग यांच्यासारखी इंटरनेटच्या कारभारातली माणसं होती, आणि रॉबर्ट मॉस्कोविट्झ हे क्रायस्लर या मोटार कंपनीतले होते. कारखान्याच्या गरजेचा माणूस त्या टेबलावर बसला होता, ही बाब मला महत्त्वाची वाटते. टिपणात दिलेली उदाहरणंही तशीच आहेत: विमानतळावरचे वेळापत्रकाचे फलक, दुकानातली गल्ल्याची यंत्रं. अशा यंत्रांना जगाशी बोलायचं नसतं, मग त्यांना जगात एकमेव असणारा पत्ता कशाला? म्हणून तीन गट खासगी वापरासाठी मोकळे सोडले गेले: १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. यांतला दहाचा गट पूर्वी अर्पानेटचा होता. ते जाळं १९९०मध्ये बंद झालं आणि त्याची जागा रिकामी पडली होती. हे आकडे कोणीही घ्यावेत, कोणालाही विचारू नये, फक्त आपल्या कुंपणाबाहेर नेऊ नयेत, असा करार ठरला.

त्यावर चारच महिन्यांत, जुलै १९९४मध्ये, आरएफसी १६२७ हे खरमरीत उत्तर आलं. इलियट लिअर आणि त्यांच्या तीन सहलेखकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: पत्ता एकमेव असणं हा इंटरनेटचा पाया आहे, आज जे जाळं एकटं आहे ते उद्या दुसऱ्याशी जोडलं जाईल, आणि त्या दिवशी एकाच पत्त्याचे दोन धनी समोरासमोर उभे राहतील. हा वाद अनिर्णित राहिला नाही. फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ हे सुधारित टिपण आलं आणि त्याच्या लेखकांत लिअर यांचंही नाव होतं. तीन गट तेच राहिले, पण विरोधकांची शंका मजकुरात सामावून घेतली गेली. दोन संस्था पुढे एकमेकांशी जोडल्या गेल्या तर पत्ते एकमेव राहणार नाहीत, असा धोका त्यात स्पष्ट सांगितला आहे, आणि तो कमी करण्यासाठी मोकळ्या गटांतून आपला भाग यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा निवडावा, अशी जोरदार शिफारस केली आहे. आज सुरतेच्या एखाद्या ऑफिसात जो घोळ होतो, त्याचं निदान आणि औषध दोन्ही १९९६ सालीच लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा हा प्रश्न अनपेक्षित होता किंवा घरून काम करण्याच्या लाटेने तो जन्माला घातला, असं म्हणता येत नाही.

मग शिफारस पाळली का गेली नाही? कारण पत्ता निवडण्याचं काम माणसाच्या हातून खोक्याच्या हाती गेलं. मे १९९४मध्ये पत्ते बदलून देण्याची, म्हणजे नॅटची, युक्ती टिपणबद्ध झाली होती. तिच्यामुळे एका सार्वजनिक पत्त्यामागे अख्खं ऑफिस लपवता येऊ लागलं. पुढच्या काही वर्षांत घरगुती राउटर बाजारात आले आणि प्रत्येक कारखान्याने आपल्या खोक्यात एक आकडा भरून पाठवला. लिंकसिसचा १९२.१६८.१.१, डी-लिंक आणि नेटगिअरचा १९२.१६८.०.१. गोव्यात वेर्ण्याला डी-लिंकचा कारखाना उभा राहिला, देशभर स्वस्त राउटर आणि स्विच पोचले, आणि त्यांच्याबरोबर हे आकडेही. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते विदेश संचार निगमच्या सेवेतून, १५ ऑगस्ट १९९५पासून. पण फोनच्या तारेवरून एकच संगणक जोडण्याचा तो काळ होता, त्यात घरातल्या जाळ्याचा प्रश्न येत नव्हता. २००५मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, मॉडेम कायमचा चालू राहू लागला, आणि त्याच्यात १९२.१६८.१.१ बसलेला होता. जोडणी करायला येणाऱ्या माणसाचं काम दिवा हिरवा झाला की संपत असे. आत कोणता आकडा आहे हे विचारण्याचं कारणच कोणाला नव्हतं, कारण एका घरापुरता तो आकडा अगदी निर्दोष होता. पुढे जिओफायबरने आपल्या राउटरमध्ये १९२.१६८.२९.१ टाकला. हा आकडा वेगळा असल्यामुळे काही काळ टक्कर टळली, पण आता प्रत्येक जिओवाल्या घरात तोच असतो. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट बराच काळ १९२.१६८.४३ वापरत आला, आयफोनचा १७२.२०.१०. मोकळ्या गटांत २५६ पत्त्यांचा एकेक तुकडा पाडला तर एकूण ६९,८८८ तुकडे पडतात. त्यांतले फार तर दहा-पंधरा तुकडे जगभरच्या घरांनी आपसात वाटून घेतले आहेत. जागा अपुरी म्हणून टक्कर होते असं नाही. सगळे एकाच कोपऱ्यात दाटीने उभे आहेत म्हणून होते.

आता सुरतेकडे यावं, कारण या शहराचा धंदाच असा आहे की एकटं जाळं इथे फार दिवस एकटं राहत नाही. हिरा वराछा-कतारगामच्या कारखान्यांत घासला जातो, महिधरपुऱ्याच्या बाजारात हात बदलतो, आणि मोठी विक्री मुंबईत होते: आधी ऑपेरा हाउसच्या परिसरात, आणि २०१०पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. पेढी एक, पण तिच्या गाद्या दोन शहरांत. कापडाचंही तसंच. दुकान रिंग रोडच्या मार्केटात, गोडाउन वेगळीकडे, प्रोसेसिंगची मिल पांडेसरा किंवा सचिनला, लूम उधना-लिंबायतच्या बाजूला, जिथे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या राबल्या आहेत. माल आणि निरोप यांची ने-आण आंगडिये आणि टेम्पोवाले करत होते तोवर कोणत्या जागेत कोणता आयपी आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवला, मोर्चे काढले. पण कर राहिला, पुढच्या एप्रिलात ई-वे बिलही आलं, आणि वहीखात्यावर चालणाऱ्या दुकानालाही संगणक आणि इंटरनेट टाळता येईना. ज्या घाईने ही यंत्रं बसली, त्या घाईत पत्त्यांचा विचार कोणी करणं शक्य नव्हतं. दुकानात एक राउटर, मिलमध्ये एक, मुंबईच्या ऑफिसात एक, आणि तिन्हींत १९२.१६८.१.

२५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी लागली. हिरा घासणारा कारागीर घरी बसून घंटीवर, म्हणजे घासण्याच्या चाकावर, काम करू शकत नाही. कारखाने बंदच राहिले, आणि पुन्हा उघडल्यावरही कतारगाम-वराछात साथ वाढली म्हणून काही दिवस परत बंद ठेवावे लागले. पण हिशेब, जीएसटीचे रिटर्न, परदेशी ग्राहकाला स्टॉकची यादी पाठवणं, ही कामं थांबवता येत नव्हती. राउटरमध्ये आधीपासून असलेली व्हीपीएनची सोय तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा चालू केली. आरएफसी १६२७च्या लेखकांनी ज्या दिवसाची भीती घातली होती तो दिवस सुरतेत असा आला.

नेमकं काय होतं ते जवळून पाहू. पेढीत टॅलीचा संगणक १९२.१६८.१.१० या पत्त्यावर आहे. अडाजणला राहणाऱ्या अकाउंटंटच्या घरच्या राउटरनेही १९२.१६८.१ चीच रेंज धरलेली आहे आणि त्याच्या लॅपटॉपला पाच नंबर दिला आहे. व्हीपीएन लागतं, कोपऱ्यात खूण हिरवी होते. टॅली उघडायला सांगितलं की लॅपटॉप आधी एकच गोष्ट पाहतो: दहा नंबरचा पत्ता माझ्याच रेंजमधला आहे का? आहे. मग तो सहसा टनेलकडे, म्हणजे व्हीपीएनने ऑफिसपर्यंत काढलेल्या वाटेकडे, वळतच नाही. घरातल्या घरात हाक मारतो, की दहा नंबर कोणाचा? घरात दहा नंबर कोणालाच दिलेला नसेल तर उत्तर येत नाही आणि थोड्या वेळाने ‘सर्व्हर सापडत नाही’ असं दिसतं. घरातल्या टीव्हीला तो नंबर मिळालेला असेल तर टीव्ही ‘मी आहे’ म्हणून उत्तर देतो आणि टॅलीची विचारणा टीव्हीच्या दारात जाऊन मरते. काही व्हीपीएन उलट आग्रह धरतात, ऑफिसचा रस्ता घरच्या रस्त्याच्या वर चढवतात. मग टॅली उघडते, पण घरचा प्रिंटर गायब होतो आणि कधी कधी घरचा राउटरच सापडेनासा होऊन टनेलसकट सगळं कोसळतं. यात कुठलंही यंत्र चुकलेलं नाही. प्रत्येकाने नियमाप्रमाणेच काम केलं. पत्ता मात्र दोघांचा एक होता.

दुसरा प्रकार ऑफिसच्या आत घडतो, आणि आयपी कॉन्फ्लिक्टची सूचना खरी त्यात येते. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला डीएचसीपी नावाची व्यवस्था नंबर देते, समजा १०० ते २०० यांतला. व्हीपीएन लावणाऱ्याने बाहेरून येणाऱ्यांसाठी १५० ते १७० हे नंबर ठरवले, कारण ते ‘ऑफिसचेच’ आहेत आणि सगळं लगेच चालू होतं. म्हणजे एकाच थप्पीतून नंबर वाटणारे दोघे झाले आणि दोघांनाही एकमेकांची वही दिसत नाही. सकाळी अकाउंटंटला १५० मिळाला. दुपारी लेबल छापणारा प्रिंटर चालू झाला, त्यालाही १५० मिळाला. आता १५०कडे जाणारा मजकूर कधी इकडे, कधी तिकडे. नंबर देण्याआधी तो कोणी वापरतंय का हे विचारून पाहायची सोय यंत्रणेत आहे, आणि टक्कर ओळखण्याची रीत जुलै २००८मध्ये आरएफसी ५२२७ म्हणून स्वतंत्रपणे लिहिलीही गेली. पण ही तपासणी एकाच तारेवरच्या शेजाऱ्यांपुरती चालते. लॅपटॉपच्या फायरवॉलने उत्तर दिलं नाही, फोन झोपलेला असला, किंवा समोरचा टनेलच्या पलीकडे असला, तर विचारणाऱ्याला शांतता ऐकू येते आणि तो नंबर रिकामा समजतो. आणखी एक प्रकार क्वचित पण वाईट असतो: व्हीपीएन रस्त्यासारखं न जोडता पुलासारखं जोडलं, म्हणजे दोन्हीकडचं जाळं एकच केलं, तर घरचा राउटर ऑफिसातल्या उपकरणांनाही नंबर वाटू लागतो. सकाळी ऑफिस सुरू झालं की निम्म्या संगणकांचा गेटवे अडाजणच्या घराकडे बोट दाखवतो.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: घरचा राउटर बदला, ऑफिसला हात कशाला लावता? एका माणसापुरता हा उपाय बरा आहे. पण राउटर सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो, त्यात शिरायचा पासवर्ड घरात कोणाला ठाऊक नसतो, आणि रीसेट झाला की तो जुन्या आकड्यावर परत येतो. घरात नवरा एका पेढीसाठी आणि बायको बँकेच्या कंत्राटदारासाठी काम करत असेल, तर दोघांचे मालक त्या एका राउटरकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतील. शिवाय माणूस उद्या नंदुरबारला गावी गेला, किंवा मुंबईच्या हॉटेलात उतरला, की तिथला राउटर त्याच्या हातात नाही. घरं अनेक, ती कोणाच्या ताब्यात नाहीत. ऑफिस एक, ते मालकाच्या ताब्यात आहे. बदल कुठे करायचा हे यावरूनच ठरतं.

दुसरा आक्षेप नेटवर्किंगची कामं घेणाऱ्यांचा असतो, आणि त्यात तथ्य आहे: रेंज बदलायची म्हणजे प्रिंटर, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हिऱ्याचं स्कॅनिंग करणारं यंत्र, सगळ्यांत हाताने टाकलेले आकडे बदलायचे, आणि एक जरी राहिला तरी सोमवारी सकाळी आरडाओरड. त्यापेक्षा फायरवॉलमध्येच पत्त्याला दुसरं नाव द्यावं: बाहेरून येणाऱ्याला १९२.१६८.१.१० हा १०.८७.४१.१० म्हणून दिसेल, आत सगळं जसंच्या तसं. दोन चालत्या कंपन्या अचानक जोडायची वेळ येते तेव्हा हाच मार्ग उरतो, हे मान्य. पण कायमची सोय म्हणून तो महाग पडतो. एका यंत्राचे दोन पत्ते होतात. आत बसणारा एक सांगतो, बाहेरचा दुसरा. बिघाड शोधताना नोंदीत तिसरंच दिसतं. हा उलगडा ज्या एका माणसाच्या डोक्यात आहे तो देखभालीचं कंत्राट, म्हणजे एएमसी, सोडून गेला की पेढी अडकते. रेंज बदलण्याचा त्रास एका रविवारचा आहे. दुहेरी पत्त्यांचा त्रास दर नव्या माणसागणिक परत येतो. आणि मोठ्या पातळीवर इंटरनेटच्या कारभाऱ्यांनीही नाव बदलण्यापेक्षा जागा वेगळी करणंच पसंत केलं, याला पुरावा आहे. पत्ते संपले, ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठा वाटून झाला आणि १५ एप्रिलला ॲपनिकचाही मुक्त साठा आटला. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना आपल्या ग्राहकांनाच नॅटमागे ठेवायची वेळ आली. त्यांनी आत १० चे पत्ते वापरले असते तर ग्राहकाच्या घरातल्या १० शी टक्कर झाली असती. म्हणून एप्रिल २०१२मध्ये १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते केवळ या कामासाठी बाजूला काढले गेले. पत्त्यांची इतकी टंचाई असताना चाळीस लाखांहून जास्त पत्ते निव्वळ टक्कर टाळण्यासाठी खर्ची घातले, यावरून टक्करीची किंमत कळते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत बळकट आहे. आता व्हीपीएन हवंच कशाला? ॲनीडेस्कसारख्या सोयीने ऑफिसचा पडदा घरी दिसतो, टॅली क्लाउडवर ठेवता येते, पत्त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याला एक पडदा पाहायचा आहे त्याच्यासाठी हे उत्तर योग्य आहे आणि अशा पेढीने व्हीपीएनच्या वाटेला जाऊही नये. पण सुरतेच्या कारखान्याचं काम एका पडद्यात मावत नाही. रफ हिऱ्याच्या स्कॅनच्या जड फाइली, प्लॅनिंगची यंत्रं, मिलच्या गेटवरचा वजनकाटा, कॅमेरे, हजेरी, लेबलचे प्रिंटर, या सगळ्या त्या जागेवरच राहणाऱ्या आणि पत्त्यानेच ओळखल्या जाणाऱ्या वस्तू आहेत. आरएफसीच्या लेखकांनी १९९४मध्ये जी यंत्रं डोळ्यांपुढे ठेवली होती, तीच ही. शिवाय कारखाना आणि मुंबईचं ऑफिस कायमचं जोडायचं असेल, तर पडदा उधार घेण्याची सोय तिथे पुरी पडत नाही.

तेव्हा करायचं काय, तर १९९६ची शिफारस अमलात आणायची. दहाच्या गटात २५६ पत्त्यांचे ६५,५३६ तुकडे आहेत. त्यांतला एक चिठ्ठी टाकून घ्यावा. चिठ्ठी हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे, कारण माणसाने मनाने निवडला तर तो १०.०.० किंवा १०.१०.१०च निवडतो, आणि १०.०.० हा अमेरिकेतल्या असंख्य घरगुती राउटरचा आकडा आहे. न्यूयॉर्कला विक्रीचा माणूस ठेवणाऱ्या हिरा पेढीला तो नक्की नडेल. कारखान्याला एक तुकडा, मुंबईला दुसरा, दुकानाला तिसरा, आणि व्हीपीएनने येणाऱ्यांना चौथा, पूर्ण स्वतंत्र. शेवटच्या या एका गोष्टीने ऑफिसातला दुसऱ्या प्रकारचा कॉन्फ्लिक्ट मुळातूनच जातो, कारण नंबर वाटणारे दोघे असले तरी थप्प्या वेगळ्या होतात. जोडणी रस्त्यासारखी करावी, पुलासारखी नाही. हाताने टाकलेले नंबर डीएचसीपीच्या हद्दीबाहेर ठेवावेत, आणि टॅलीच्या संगणकाला माणसांनी नंबराने नव्हे तर नावाने हाक मारावी, म्हणजे पुढे कधी रेंज बदलली तर शंभर ठिकाणी खाडाखोड करावी लागणार नाही. एका जागेत काम करणाऱ्या आणि बाहेरून कोणालाच येऊ न देणाऱ्या दुकानाने यांतलं काही केलं नाही तरी चालेल, असं म्हणण्याचा मोह होतो. पण अशा दुकानदाराला आजच राउटर बसवताना वेगळा आकडा टाकायला दोन मिनिटं लागतात, आणि त्याचा मुलगा उद्या घरून हिशेब पाहायचं म्हणेल तेव्हा तीच गोष्ट रविवार खाते.

नवी पत्तापद्धत, म्हणजे आयपीव्ही६, आली की हे सगळं संपेल असं सांगणाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तो खरा अर्धा भाग माझ्या बाजूचा आहे. ऑक्टोबर २००५च्या आरएफसी ४१९३ मध्ये नव्या पद्धतीतले खासगी पत्ते ठरले, आणि तिथे यादृच्छिक निवड ही शिफारस राहिली नाही, नियम झाला. प्रत्येक संस्थेने ४० बिटांचा आकडा चिठ्ठीने काढायचा. असे सुमारे १ लाख १० हजार कोटी आकडे निघतात, तेव्हा दोन पेढ्यांचा एकच निघणं जवळपास अशक्य. नऊ वर्षांच्या अनुभवानंतर कारभाऱ्यांनी सवयीवर विसंबायचं सोडलं, असा त्याचा अर्थ. भारतातल्या मोबाइल जाळ्यांत ही पद्धत झपाट्याने रुजली, सुरतेतल्या प्रत्येक खिशात ती आहे. मिलच्या भिंतीवरचं हजेरीचं यंत्र आणि जिन्याखालचा डीव्हीआर मात्र जुनेच पत्ते बोलतात, आणि चालत्या यंत्राला बदलायची सुरतेत रीत नाही.

राहतो प्रश्न नोंदीचा. खजोदला सुरत डायमंड बोर्सची ६७ लाख चौरस फुटांची इमारत उभी राहिली, १७ डिसेंबर २०२३ला तिचं उद्घाटन झालं. साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं तिच्यात मावतात. त्यांतलं प्रत्येक जाळं कोऱ्या भिंतीवर नव्याने टाकलं जाणार, आणि नव्या जागेत रेंज बदलायला कोणाचा विरोध नसतो. तिथे जाणाऱ्या पेढीने एक साधी वही घालावी: जागा, रेंज, हाताने दिलेले नंबर आणि ते कोणत्या यंत्राला, व्हीपीएनची रेंज, कोणत्या तारखेला कोणी बदल केला. ती वही एएमसीवाल्याच्या लॅपटॉपमध्ये राहू नये, पेढीच्या कपाटात, इतर दस्तांबरोबर राहावी, आणि मुंबईच्या गादीवर तिची प्रत असावी. नवी जागा घेतली, नवा भागीदार आला, की कोणती रेंज मोकळी आहे ते त्या वहीत पाहून मगच राउटर खोक्यातून काढावा.